नारळ कोणी फोडायचा

पडद्यावर माझं नाव होतं, पण त्याच्या वरही कुणी नव्हतं आणि खालीही कुणी नव्हतं. एक मोठं निळं वर्तुळ, त्यात आम्हा बाराजणांची नावं ताटात भजी वाढावीत तशी कुठेही पसरलेली, आणि त्यातलं डावीकडचं खालचं एक नाव माझं, धनेश. आडनावसुद्धा नाही. गेल्या शनिवारपर्यंत मी धनेश भगवान घरत, डिस्पॅच हेड होतो. एप्रिलमध्ये कंपनीच्या तक्त्यात मला चौकट मिळाली होती, पूर्ण चौकट, वरून एक रेघ येणारी आणि खाली अकरा रेघा जाणारी, आणि सोमवारी सकाळी चहाचा कप हातात असताना ती गेली. हे सगळं स्नेहल सांगत होती. स्नेहल म्हणजे आमच्याकडे ज्याला पूर्वी पर्सोनेल म्हणायचे, मग एचआर म्हणायला लागले आणि आता ‘पीपल पार्टनर’ म्हणतात ते. वय सव्वीस-सत्तावीस, बोलणं गोड, चालणं भरभर. ती म्हणाली, "आपण आता फ्लॅट झालोय. कुणी हेड नाही, कुणी कुणाला रिपोर्ट करायचं नाही, सगळेच ओनर. आणि आजपासून सर-मॅडम बंद. फक्त पहिलं नाव." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काही प्रश्न आहे का, धनेश..." आणि तिची जीभ अडखळली, घरचे संस्कार मध्ये आले, "...काका?" मला पुष्कळ प्रश्न पडायला हवे होते. माझी केबिन, माझी सही, माझी फोर्कलिफ्टच्या चावीची किल्लेदारी. पण तोंडातून निघाला तो एकच. मी विचारलं, "मग खंडेनवमीला नारळ कोण फोडणार?" सगळे हसले. मीही हसलो, कारण बाकीचे हसत असताना एकट्यानं गंभीर राहणं बरं दिसत नाही.

ज्यांनी तळोज्याच्या कारखान्यात जन्म काढलेला नाही त्यांना हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. आम्ही पंप बनवतो. दसऱ्याला सुट्टी असते म्हणून आमच्याकडे यंत्रांची पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला होते. मशीन शॉप, पेंट शॉप, डिस्पॅच, प्रत्येक खात्याची वेगळी. त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून येतात, पोरं फोर्कलिफ्टवर बसून फोटो काढतात, आणि वर्षभर ज्या माणसाचं ‘आज उशीर होईल’ एवढंच फोनवर ऐकलेलं असतं तो उशीर नक्की कुठे करतो ते घरच्यांना कळतं. आमच्या खात्याची पूजा वजनकाट्यापाशी. काट्याला झेंडूचं तोरण, फोर्कलिफ्टला हळदकुंकू, आणि मग खात्याचा प्रमुख पुढे येऊन नारळ फोडतो. प्रमुखच. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नारळ फुटल्याशिवाय त्या दिवशी एक ट्रक बाहेर पडत नाही. कंपनीत कोण कुठे आहे हे समजून घ्यायला मला कधी कागद लागले नाहीत, वर्षातून एकदा नारळ कुणाच्या हातात आहे तेवढं बघितलं की पुरायचं. चौतीस वर्षं मी ते बघत आलोय.

मी लागलो तेव्हा टाइम ऑफिसबाहेर एक लाकडी फळा होता, पनवेलच्या पेंटरनं रंगवलेला. सगळ्यात वर मॅनेजिंग डायरेक्टर, त्यांच्याखाली वर्क्स मॅनेजर, मग सुपरिंटेंडंट, फोरमन, चार्जहँड, असं करत करत ते झाड खाली यायचं. पेंटरला शेवटी जागा पुरली नाही, म्हणून त्यानं तळाला ‘व इतर’ असं लिहून टाकलं होतं. मी तिथे होतो. विचुंब्यातली आमची जमीन गेली तेव्हा बाबांनी दहा उंबरे झिजवून मला इथे हेल्पर म्हणून चिकटवलं होतं. पहिल्या दिवशी सोडायला आले, फळा वरपासून खालपर्यंत माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "नाव नाय, पन जागा हाय." वर्क्स मॅनेजर रेगे साहेब. ते दर पाच वर्षांनी महिनाभर केबिनचं दार लावून बसत आणि पंचवार्षिक योजना करत. आत आलेखाचे कागद, पेन्सिली आणि तासातासाला चहा. ती योजना मग एकेका पायरीनं खाली यायची, प्रत्येक पायरीवर थोडी थोडी सांडायची, आणि आमच्यापर्यंत पोचेतो तिच्यात एकच वाक्य उरलेलं असायचं की उद्यापासून वेळेवर या. पण तेव्हा सगळ्या खात्यांचे नारळ तेच फोडायचे, आणि माणूस नारळ काय फोडायचा! एक घाव, दोन वाट्या, बुटावर पाण्याचा थेंब नाही. त्यांच्या बाईंना खुर्ची मिळायची आणि बाकी सगळ्या बायका उभ्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सत्यवतीला घेऊन गेलो. ती उरणकडची, मिठागरवाल्यांची मुलगी, गर्दीत टाचा उंच करून बघत होती. घरी येताना तिनं विचारलं, "तुमी कवा फोडनार?" मी मनातल्या मनात माझ्या आणि रेगे साहेबांच्या मधल्या पायऱ्या मोजल्या आणि म्हटलं, "होईल. टाइम लागंल." ती म्हणाली, "लागू दे. मी काय कुठं जात नाय."

टाइम लागला, पण मला वाटलं होतं तसा नाही. मी पायऱ्या चढायला पाय उचलला की पायऱ्याच हलायच्या. आधी आयएसओ आलं. जे करता ते लिहा आणि जे लिहिलंय तेच करा, असा तो मामला. बाहेरून आलेल्या तपासनिसाला वजनकाट्याशेजारी फरशीवर टवका दिसला, त्यानं कारण विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात नारळ फोडण्याची लेखी कार्यपद्धती तयार झाली. जबाबदारी खातेप्रमुखाची, त्याच्या गैरहजेरीत उपप्रमुखाची, आणि नारळ न फुटल्यास पुन्हा प्रयत्न करणे. मग मुंबईहून सल्लागार आले. टाय लावलेली पोरं. ती आठ दिवस आमच्यामागे घड्याळ घेऊन फिरली आणि तुमच्याकडे मजले फार आहेत असं सांगून गेली. एका मार्चमध्ये सगळे फोरमन आणि चार्जहँड स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. त्यांच्या निरोपसमारंभात मी रडलो, खरंच रडलो, आणि रडताना एकीकडे माझ्या लक्षात येत होतं की जागचा न हलता मी दोन पायऱ्या वर सरकलोय. सत्यवतीनं त्या रात्री पुरणपोळ्या केल्या होत्या आणि मला धड खाता येईनात. त्यानंतर मॅट्रिक्स आलं. प्रत्येकाला दोन साहेब, एक सरळ रेघेचा आणि एक तुटक रेघेचा. सरळ रेघेचा कारखान्यात बसायचा, तुटक रेघेचा अंधेरीत. सत्यवतीच्या भावाच्या लग्नासाठी मी दोघांकडे रजा मागितली. सरळवाल्यानं दिली, तुटकवाल्यानं नाही दिली, म्हणून मी हळदीला गेलो आणि लग्नाला गेलो नाही. मटण आमच्याकडे हळदीला असतं, त्यामुळे सासुरवाडीला अजून वाटतं की माझं मटणावर प्रेम आहे, नवऱ्यामुलावर नाही. त्या काळात खंडेनवमीला दोन नारळ यायचे. सरळवाला आधी फोडायचा, तुटकवाला नंतर, आणि कुणाचा फुटला तो खरा यावर पेंट शॉपमध्ये पैजा लागायच्या.

पुढे माणसं कंत्राटात गेली. लोडिंगची माणसं कंत्राटदाराची, ड्रायव्हर ट्रान्सपोर्टवाल्याचे, चहा कँटीनवाल्याचा. माल उचलणारा एकही माणूस आता आमच्या कुठल्याच चित्रात नव्हता, आणि माल मात्र रोज बाहेर पडत होता. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरून येणारा जैतू माझ्याबरोबर पंधरा वर्षं काम करतोय, त्यानं या काळात चार कंत्राटदार बघितले आणि मी सात हुद्दे. योजनाही आकसत गेल्या. पाच वर्षांची तीन वर्षांची झाली, मग वर्षाची, मग तिमाहीची, मग पंधरवड्याची, तिला स्प्रिंट म्हणायचे. आता रोज सकाळी दहा मिनिटं उभ्यानं मीटिंग असते. पूर्वी साहेब बसलेला असायचा आणि आम्ही उभे राहायचो, आता सगळेच उभे राहतो. जैतूनं पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय झाला, खुर्च्या इकल्या काय?" मी त्याला समजावून सांगायला गेलो की उभं राहिल्यानं मीटिंग लवकर संपते. तो म्हणाला, "मीटिंगच केली नाय तर आजून लवकर सुटशीला," आणि निघून गेला. हे सगळं मी तक्रार म्हणून सांगत नाही. रेगे साहेबांच्या राज्यात मला त्यांच्या केबिनच्या दारापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं, आणि आज स्नेहल माझ्या टेबलावर बसून माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी खाते. चांगलं आहे ते. फक्त मला सहा महिन्यांपूर्वी, निवृत्तीला वर्षही उरलं नसताना, आयुष्यात पहिल्यांदा चौकट मिळाली होती, आणि त्यांना आणखी एक खंडेनवमी थांबता आलं असतं.

एप्रिलमध्ये बातमी सांगितली तेव्हा सत्यवतीनं पगार किती वाढला हे विचारलं नाही. "म्हंजे औंदा नारल तुमचा," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून विचुंब्यात ही गोष्ट माहीत नसलेला माणूस उरला नाही. आमच्या वरच्या मजल्यांवर राहणारे भाडेकरू, कोपऱ्यावरची मासेवाली, तिच्या बचत गटातल्या बायका. पनवेलला जाऊन तिनं मोरपंखी साडी आणली. उरणहून धाकटी बहीण शकू येणार असं ठरलं. आणि रविवारी सकाळी मला अंगणातल्या पाट्यासमोर उभं करून सराव सुरू झाला. "कमरंतून नको, खांद्यातून," ती पायरीवर बसून सांगायची. मी फोडायचो, ती वाट्या उचलून आत न्यायची, आणि मग आठवडाभर घरात नारळाच्या दुधाशिवाय काही शिजायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरणीनं शेवटी येऊन विचारलं की काका, हे कुठल्या देवाचं आहे. मला या सगळ्याची लाज वाटायची आणि आतून गुदगुल्याही व्हायच्या. आणि आता सोमवारी संध्याकाळी मी स्कूटर अंगणात लावली तर ती दारातच. "अवो, शकूचा नवरा पन येतो म्हनतोय. गेटवर नावा द्यावी लागतान ना?" मी म्हटलं, "देतो." "खुर्ची ठेवतान का हल्ली?" तिनं अगदी सहज विचारलं, साडीच्या घडीवरचा नसलेला धागा काढता काढता. मला त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण तिनं एकतीस वर्षांत माझ्या कंपनीकडे मागितली ती एवढी एक प्लॅस्टिकची खुर्ची, आणि मी म्हटलं, "ठेवतान." मग हातपाय धुवायला गेलो आणि बराच वेळ नुसताच नळ सोडून उभा राहिलो.

बुधवारी स्नेहल माझ्या टेबलापाशी आली, डोळे चमकत होते. "काका, तुमच्या प्रश्नावर मी खूप विचार केला. काय ब्युटिफुल प्रश्न आहे! म्हणजे बघा, लीडरशिप पदातून येते की लोकांतून, हाच तर मुद्दा आहे." मी म्हटलं, "मला फक्त नारळाचं विचारायचं होतं." "तेच ना! आपण मतदान घेऊ. अॅपवर. गुप्त. ज्याला सर्कलमधल्या लोकांनी निवडलं तो फोडेल." तिच्या गालावर खळी पडते, त्यामुळे तिला नाही म्हणणं अवघड जातं. शिवाय तिचं म्हणणं ऐकता ऐकता माझ्या छातीत काहीतरी उमलायला लागलं होतं. रेगे साहेबांना कुणी निवडलं होतं? कुणीच नाही, वरून ऑर्डर आली होती. सरळ रेघवाल्याला, तुटक रेघवाल्याला कुणी निवडलं होतं? मी पहिला असणार होतो. चौतीस वर्षांत आपल्या माणसांनी निवडून नारळ हातात दिलेला पहिला माणूस. शंका घ्यायला जागाच नव्हती. सर्कलमध्ये सगळ्यात वडील मी, देवेशच्या बायकोच्या बाळंतपणात रक्त दिलं मी, रमेशची चुकीच्या गावाला गेलेली गाडी परत आणून कुणाला न कळू देणारा मी. उलट माझी काळजी वेगळीच होती. बारा मतं, आणि समजा बाराच्या बारा मला पडली तर? आकडा समजला की सगळ्यांना कळणार की घरतांनी स्वतःला मत दिलं. लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील की म्हातारा हावरा आहे. आमच्या गावात मांडवात पहिल्या पंगतीला कुणी हाताला धरून बसवायला लागला तरी माणूस तीनदा नको नको म्हणतो, ‘आधी त्यास्नी बसवा’ म्हणतो, आणि मग बसतो. न म्हणता बसणाऱ्याची वर्षभर चर्चा होते. अकरा मतं शोभून दिसतील, असं मी ठरवलं. बारावं कुणाला द्यायचं? ज्याला दिल्यानं काही बिघडणार नाही अशा माणसाला. कुमारला. जूनमध्ये लागलेला, सुकापूरला मित्रांबरोबर भाड्यानं राहणारा, बिलिंगमध्ये मान खाली घालून बसणारा पोरगा. त्याला आयुष्यात कुणी मत दिलं नसेल. मी त्याच्या नावावर बोट ठेवलं, आणि फार मोकळं वाटलं मला. संध्याकाळी कळंबोलीच्या गर्दीत अडकलो असताना मी चक्क गाणं गुणगुणत होतो.

शुक्रवारी अॅपवर फुलं उधळली गेली आणि त्यात नाव आलं कुमारचं. ‘आपल्या सर्कलनं कुमार यांची निवड केली आहे,’ एवढंच. आकडे नव्हते. मला वाटलं, फोन जुना आहे, नीट उघडलं नसेल. मी बंद करून पुन्हा चालू केला. कुमारच. आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या आणि त्यात माझ्याही दोन हातांचा आवाज मला ऐकू येत होता. जेवणाच्या सुट्टीत मी स्नेहलला गाठलं आणि जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं की मला किती पडली. "आकडे महत्त्वाचे नसतात, काका." म्हटलं, बाळ, तरी. तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि कुणाला न सांगण्याच्या बोलीवर मोबाइल माझ्याकडे वळवला. एकेका नावापुढे एकेक मत होतं. देवेश एक, रमेश एक, सगळे एक. कुमार दोन. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. स्नेहल हळूच म्हणाली, "मला वाटतं, प्रत्येकानं स्वतःलाच..." आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं, हिशेब तिच्याही लक्षात आला, आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मला राग आला, खूप राग आला, पण तो कुणावर काढायचा ते समजेना. सगळे वाट बघत होते! तो रमेश, ज्याला मी साधा समजत होतो. देवेश, ज्याच्या बायकोच्या अंगात माझं रक्त आहे. प्रत्येकाच्या घरी एकेक सत्यवती होती, प्रत्येकाच्या घरात एकेक साडी कपाटात तयार होती. मला वाटत होतं की शिडीच्या टोकाकडे बघणारा मी एकटा, आणि शिडी काढून घेतल्यावर दिसलं की सगळेच माना वर करून उभे होते. मला हसू आलं. त्याच दमात रडूही आलं, मी बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि दुपारचे दोन ट्रक लावून दिले.

कुमार मात्र बदलला. मान वर करून चालायला लागला. दोन दिवस तो एकेकाला भेटून आभार मानत होता. "तुम्ही दिलंत ना मत?" असं लाजत विचारायचा, आणि समोरचा काय सांगणार? रमेश म्हणाला, "मग! दुसऱ्या कुणाला देणार?" देवेशनं तर त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला की मी बाकीच्यांनाही तुझंच नाव सुचवलं होतं. अशी त्याला एकूण अकरा मतं मिळाली. माझ्यापाशी आला तेव्हा त्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसता वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही तर दिलंच असणार." मी "हो" म्हटलं. खरं बोलणारा मी एकटाच होतो, आणि माझा आवाज बाकीच्यांपेक्षा खोटा निघाला. घरी मी काही सांगितलं नाही. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज ती काहीतरी नवीन काढायची. शकूसाठी बांगड्या आणल्या. भाडेकरणीला व्हिडिओ पाठवायचा शब्द दिला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी जेवलो नाही तर म्हणाली, "भियाव नको, एवढा सराव झालाय." मी कुशीवर वळलो. मला मरायची भीती वाटत नाही, पण दुसऱ्या दिवसाची वाटत होती.

त्या मोरपंखी साडीत ती गेटमधून आत आली तेव्हा मला ओळखू आली नाही, इतकी छान दिसत होती. मागे शकू, तिचा नवरा, पोरं. वजनकाट्यापाशी तोरण लागलं होतं, उदबत्तीचा धूर आणि डिझेलचा वास एकत्र झाला होता, रांगेतल्या ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली होती. खुर्च्या होत्या, सगळ्यांसाठी होत्या, पन्नासेक. सत्यवती पहिल्या ओळीत बसली, मग खुर्ची चांगली आहे की नाही हे बघितल्यासारखं एकदा उठून पुन्हा बसली. मी तिच्या शेजारी. स्नेहलनं छोटंसं भाषण केलं, त्यात लीडरशिप हा शब्द बराच आला. सत्यवतीनं पिशवीतून एक नारळ काढून माझ्या हातात दिला, आमच्या झाडाचा, सोललेला, शेंडी नीट राखलेली, वर हळदीचं बोट. "बाजारचा कुजका निघाला तर?" ती कुजबुजली. "जा आता." मी उठलो. मी काट्यापर्यंत गेलो, कुमार तिथे नव्या कडक शर्टात घामाघूम होऊन उभा होता, आणि मी तो नारळ त्याच्या हातात ठेवला. म्हटलं, "खांद्यातून मार, कमरेतून नको." आणि वळून परत आलो, खुर्चीवर बसलो. मागे फट् असा आवाज झाला, टाळ्या वाजल्या, ट्रकवाल्यांनी हॉर्न दिले. मी फरशीकडे बघत होतो.

हॉर्न थांबले. मग सत्यवती म्हणाली, "कोन तो?" मी सगळं सांगितलं. चौकट गेली ते, वर्तुळ आलं ते, मतदान, अकरा मतं शोभून दिसतील हा माझा हिशेब, आणि माझ्या नावापुढची रिकामी जागा. शकू पोरांना फोर्कलिफ्टवर बसवायला गेली होती, म्हणून बरं. सत्यवतीनं शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजे सगल्यांनी सोताला मत दिला. आन तुमी त्याला." "हां." "आन तुमच्या एका मतावर तो निवडून आला." "तसाच." ती उठली. मला वाटलं, आता ही घरी जाणार. ती सरळ कुमारकडे गेली. मला सगळं ऐकू येत होतं. "पोरा, चांगला फोडलास," ती म्हणाली, "तुला मत यांनी दिला व्हता, म्हाईत हाय ना?" कुमारनं हात जोडले, चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "हो काकू! सगळ्यांनीच दिलं. माणसंच फार चांगली आहेत इथली." सत्यवती त्याच्या हातातल्या प्रसादाच्या ताटातले दोन पेढे उचलून परत आली. मी म्हटलं, "त्याला नाय पटायचा. कुणालाच नाय पटायचा." ती म्हणाली, "मला पटलाय. एवरी मानसा हायेत इथं, सोताच्या तोंडचा काडून दुसऱ्याला देनारा येडा कोन ते मला काय तुमच्या मोबाइलनं सांगायला पायजे?" आणि तिनं त्या पन्नास खुर्च्यांसमोर माझ्या तोंडात अख्खा पेढा घातला. चौतीस वर्षांत कुठल्याही साहेबानं मला इतकं बरोबर ओळखलं नव्हतं.

शकू पोरांना घेऊन आली. नारळ माझ्याऐवजी दुसऱ्यानंच फोडला हे तिनं तिकडून बघितलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. थोडं चाचरत तिनं बहिणीला विचारलं, "ताई, तो पोरगा कोन गं? भावजींचा सायेब काय?" सत्यवतीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, खुर्चीत मागे रेलून बसली, आणि पेंट शॉपपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाय गं. यांनी नेमलाय त्याला." शकूनं माझ्याकडे बघितलं, आणि जिनं आजवर माझी फक्त टिंगल केली होती तिनं खांद्यावरून घसरलेला पदर उचलून डोक्यावर घेतला.